हिमालयात एकट्याने सायकल : फजिती सांगा

फोटो सगळ्यांकडे आहेत. खार्दुंग ला वरच्या १८,३८० फुटांच्या पाटीसोबतचाही आहे (खिंड प्रत्यक्षात साडेसतरा हजारांच्या आसपास, ते असो). इथे हवी आहे ती फजिती. सोबत कुणी नसताना कुठे अडकलात, मग काय केलंत? सुरुवात मीच करतो.

मनाली-लेह, सप्टेंबर. तीन महिने दर रविवारी सिंहगड चढवला होता, त्यामुळे पायांची गुर्मी होती. सिंहगड १,३०० मीटर, सरचू ४,२९०. जिस्पाहून निघून बारालाचा ला (४,८९० मी) ओलांडून एका दिवसात सरचू गाठायचंच, असा हट्ट. झिंगझिंगबारला तंबू दिसले, पण म्हटलं, अजून ऊन आहे, कशाला थांबा! रात्रभर डोकं ठणकत होतं, दोन उलट्या झाल्या. थकवाच समजलो. सकाळी बुटाची नाडी बांधायला बसलो आणि गाठ कशी मारायची तेच सुचेना. पाचेक मिनिटं नाडीकडे नुसता बघत होतो. बरोबर कुणी असतं तर त्याने आदल्या संध्याकाळीच माझं तोंड बघून ओळखलं असतं, की हा थकवा नाही, उंचीचा त्रास आहे.

सरचूची गोम अशी, की उतरायचं तरी आधी चढावंच लागतं. मागे बारालाचा, पुढे नकी ला आणि लाचुंग ला. तंबूवाल्याने सायकलसकट मला मनालीकडे निघालेल्या ट्रकमध्ये घातलं. केलाँगला पोचलो आणि चक्क भूक लागली.

नाशिकहून

स्पिती. छत्रू ते बातल. हिमनदीचं पाणी उन्हाबरोबर वाढतं, नाले सकाळीच ओलांडायचे, हे पाठ होतं. तरी एका नाल्यावर पोचायला तीन वाजले. एकटीने म्हणजे तीन फेऱ्या: दोनदा पॅनिअर (कॅरिअरला लावायच्या बॅगा), मग सायकल. दुसऱ्या फेरीनंतर पावलं आपली वाटेनात. सायकल प्रवाहाच्या वरच्या बाजूला धरली, म्हटलं आधार होईल. पाण्याने ती उचलून माझ्याच गुडघ्यावर आणली. खाली बसले, कमरेपर्यंत भिजले, पण हँडल सोडलं नाही. सायकल नेहमी खालच्या अंगाला धरायची, हे तिथे शिकले. गुडघा अजून पावसाळ्यात बोलतो.

कोल्हापूरहून

माझं छोटंसंच आहे. मनाली-लेह रस्त्यावरचे गाटा लूप्स, २१ वळणं. तिथे पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आहे. गाडी बंद पडून तहानेने मेलेल्या क्लीनरचं भूत पाणी मागतं म्हणून येणारे-जाणारे वाहतात, अशी कथा. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण माझं पाणी संपलं होतं आणि त्या बाटल्या भरलेल्या होत्या. पुढचं विचारू नका.

ठाण्याहून

दारचाहून शिंकू ला (५,०९१ मी) चढून झंस्करमध्ये कुर्ग्याकच्या बाजूला उतरत होतो. समोर गोंबो रांगजोन, तो एकच सुळका सगळं आभाळ अडवून उभा. त्याच्याकडे बघत होतो, हे कबूल करतो. मागचा डीरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) दगडाला लागला, स्पोकमध्ये गेला, तो फ्रेमला जोडणारा हँगर तुटला. हँगर ज्या त्या फ्रेमचा वेगळा, दुसऱ्या सायकलचा मागूनही बसत नाही. अर्थात मागायला तरी कोण होतं!

चेन तोडायचं हत्यार होतं. डीरेलर काढून टाकला, चेन आखूड करून एका मधल्या गिअरवर बसवली. बोटं इतकी गारठलेली की पिन दोनदा मातीत पडली. दुसऱ्यांदा जिभेने ओली केलेल्या बोटाने उचलली. पदुमपर्यंत उतार आणि सपाटी चालवत, चढ ढकलत. जादा हँगर घरी ड्रॉवरमध्ये होता. वजन वाचवलं होतं ना, वीसेक ग्रॅम. कॅमेऱ्याची दुसरी लेन्स मात्र आठवणीने घेतली होती.

पुन्हा मी

नाशिकच्या ताई, पाणी चढलेलं दिसत होतं तर मागे का नाही फिरलात?

नाशिकहून

मागचा नाला याहून मोठा होता हो.