वेगवेगळ्या वयाची पिल्लं एकाच खुराड्यात: तुमचे अनुभव लिहा

परड्यातली
आज आठवडी बाजारात गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं दिसली आणि डालग्याखालची पिलावळ आठवली. तेव्हा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी सगळं बघून घ्यायची. आता पंधरा दिवसांनी दहा, पुन्हा पंधरा दिवसांनी वीस अशी पिल्लं येतात आणि सगळी एकाच बल्बखाली. पहिल्या आठवड्यात 35 अंश सेल्सिअस लागतं, पुढे दर आठवड्याला 3 अंश कमी. म्हणजे चौथ्या आठवड्यातल्या पिल्लाला 26 पुरे. धाकट्यांच्या मापाने बल्ब लावला तर थोरली चोच उघडून धापा टाकतात, थोरल्यांच्या मापाने लावला तर धाकटी एकमेकांवर चढून चेंगरतात. ज्यांनी अशी मिसळली आहेत त्यांनी लिहा, आकड्यांसकट.

तूसवाला
आठ दिवसांचा फरक चालतो. पंधराचा नाही. महिन्याचा तर विचारूच नका.

जाळी_पक्कड
एकच जागा असेल तर गोल नको, लांबट करा. 8 फूट बाय 3 फूट, बल्ब एका टोकाला. पिल्लं आपापली ऊब शोधतात. मध्ये अर्ध्या इंची जाळी, तिला खाली खिडकी. खिडकी एवढीच की धाकटं सहज जाईल आणि थोरलं पोटाशी अडेल. दर तीन दिवसांनी तपासा, पिल्लं वाढतात, खिडकी वाढत नाही 😄 धाकट्यांचं खाद्य-पाणी खिडकीच्या आत.
पिल्लामागे 2 वॅट धरा. आणि कृपा करून एलईडी लावू नका, उजेड पडतो, ऊब नाही. जुने पिवळे बल्ब मिळत नसतील तर सिरॅमिक हीटर.

मळ्यातली_सून
@जाळी_पक्कड दादा, लाइट गेली तर?

जाळी_पक्कड
ताई, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, वरून गोणपाट. कोळशाची शेगडी बंद खोलीत अजिबात नको. धूर दिसत नाही, पण पिल्लं सकाळी आडवी.

कोंबडीडॉक
उबेचं सगळे बोलतात, गादीचं, म्हणजे खाली पसरलेल्या तुसाचं कोणी बोलत नाही. मिसळल्यावर खरी मारते ती रक्ती हगवण. थोरली पिल्लं तिच्यातून तरलेली असतात, दिसायला ठणठणीत, पण विष्ठेतून रोग टाकत राहतात. ओलसर उबदार तुसात तो एक-दोन दिवसांत तयार होतो आणि धाकटं तेच टिपतं. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पंख पाडून बसणं, विष्ठेत रक्त, ही खूण. त्यावरचं औषध अ‍ॅम्प्रोलियम, पाण्यातून, पुडीवरच्या मापाने. त्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स बंद ठेवा, ते औषधाचं काम बिघडवतं. लोक हौसेने दोन्ही एकत्र देतात आणि औषधाला शिव्या घालतात.
तूस 2 इंच, रोज हलवायचं, भांड्याभोवतीचं ओलं रोज काढायचं. भांडं पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगा, सांडणार नाही. एक दिवसाच्यांसाठी पाण्यात गोटे टाका, नाहीतर बुडतात.
आणि चारा-पाणी करताना आधी धाकटी, मग थोरली. उलट गेलात तर चपलेतून रोग तुम्हीच नेता.

भाकरीचा_चंद्र
एवढं ऐकल्यावर रविवारचा रस्सा घशाखाली उतरणार नाही 🙈

तूसवाला
उतरेल. उतरतोच.

मळ्यातली_सून
खाद्याचं कुणीतरी लिहा, गॅसवर दूध आहे, पटकन.

मका_भरडा
सगळ्यांना चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, 20 टक्के प्रथिनांचं. थोरल्यांना जास्त प्रथिनांनी फारसं बिघडत नाही. अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य मात्र पिल्लाला नको, त्यातल्या चुन्याने मूत्रपिंड जातं. तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या) आणि कोंबड्या सोबत असतील तर शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात, उंचावर. नुसती कणी आणि मक्याचा भरडा दिलात तर पिल्लं जगतील, पण पिसं धड येणार नाहीत. भांडी दोन तरी हवीत, एक असलं की दांडगं पिल्लू त्यातच उभं राहतं.

कोंबडीडॉक
लसीचाही घोळ होतो. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, गंबोरो रोगाची चौदाव्याच्या आसपास. तीन वयं एकत्र असली की कुणाला कधी दिली हे कोण लक्षात ठेवणार? शिवाय कुपी शंभर डोसची, कालवल्यावर तास-दोन तासांत संपवायची. दहा पिल्लांसाठी फोडली की उरलेली फुकट. त्यापेक्षा एकदम एका वयाची पन्नास आणा.

काळा_कोंबडा
वयापेक्षा आकार बघा हो. एकाच दिवशीचं कडकनाथ आणि गिरिराज जातीचं पिल्लू महिन्याने शेजारी उभं करा, गिरिराज काका वाटतो.

भाकरीचा_चंद्र
गिरिराज काका 😂😂

परड्यातली
खुडूक कोंबडीखाली बाहेरची पिल्लं सोडली तर?

तूसवाला
रात्री, अंधारात, पंखाखाली सरकवायची. तिची स्वतःची एक-दोन दिवसांचीच हवीत. दहा दिवसांची झाली की तिला परकी ओळखू येतात, डोक्यात टोचते. अंडी पण एकाच दिवशी बसवा, पेन्सिलने खूण करून. मागून घातलेली फुटायची राहतात, कारण 21 दिवसांनी पहिली फुटली की दीड-दोन दिवसांत ती पिल्लं घेऊन उठते.

जाळी_पक्कड
मोठ्या थव्यात सोडायची घाई नको. सहा आठवडे झाल्यावर आधी आठवडाभर जाळीपलीकडून नुसतं दाखवायचं, मग रात्री एकदम पाच-सहा सोडायची. एकटं कधीच नाही. रक्त दिसलं की ते पिल्लू तासाभरात वेगळं काढा, लाल दिसलं की सगळे तिथेच टोचतात.

मळ्यातली_सून
दूध गेलं उतू.

काळा_कोंबडा
@परड्यातली ती बाजारातली रंगीत घेऊ नका. बहुतेक नर असतात. पिसं बदलली की रंग गेला.

परड्यातली
म्हणजे अंडी नाहीतच?

भाकरीचा_चंद्र
रस्सा आहे ना.