मचानावर बसलोय आणि आभाळ गडगडतंय : जंगल, हरणं आणि वीज, अनुभव लिहा (नागपूर आणि आजूबाजू)

नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण म्हणजे माझा मावसभाऊ. तो अमेरिकेत मिसूरी राज्यात असतो आणि ऑफिसातल्या लोकांसोबत हरणाच्या शिकारीला जातो, तिकडे सीझन असतो, परमिट मिळतं. त्यानं फोनवर विचारलं की वादळ आलं तर झाडावरून उतरायचं की नाही यावर इकडे लोक हमरीतुमरीवर येतात, तुमच्याकडे काय करतात? मी म्हटलं बाबा, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली हरणाच्या शिकारीला बंदी आहे. पण फोन ठेवल्यावर वाटलं, हरणापायी झाडावर बसणारे आपल्याकडे कमी आहेत का? रामटेक-पारशिवनीकडे धानाची जागल करणारे, बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर प्राणी मोजायला बसणारे, फोटोवाले. शिवाय मे महिन्यात तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बाया, त्या झाडावर नाही पण झाडाखाली असतात. सगळ्यांच्या डोक्यावर तेच आभाळ.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे भांडायला सोपं जाईल. जंगलात आपण वाघाला भितो, डुकराला भितो, सापाला भितो, आणि ज्या मचानाला सुरक्षित समजतो तेच वादळात सगळ्यात वाईट ठिकाण असतं. तुम्ही लिहा. "देवानं वाचवलं" एवढ्यावर थांबू नका, नेमके कुठे होता आणि काय केलं ते पण टाका.

धुऱ्यावरचा, तालुका पारशिवनी

लिहितो मंग. आमचं वावर पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफरले, म्हंजे बाहेरच्या जंगलपट्ट्याले लागून हाये. सप्टेंबर-ऑक्टोबरात धान निसवला का चितळाचे कळप, रोही, डुक्कर सगळेच येतात, एका रात्रीत अर्धी बांधी चोपट. म्हणून मोहाच्या झाडावर मचान, बाबाच्या काळापासून हाये. परतीच्या पावसाची रात्र होती, मी अन् माहा चुलतभाऊ वर. इज दूर देवलापारकडे चमकून राहिली होती, आवाज काई नाई. मंग आवाज याले लागला. भाऊ म्हणे खाली उतरू, मी म्हटलं कसा उतरतं, त्याच आठवड्यात नाल्यात वाघाचे पगमार्क दिसले होते. आता सांगा माणसानं काय करावं, वरतं इज अन् खालतं वाघ. शेवटी दोघंबी उतरलो, टॉर्च लावला, बोंबलत बोंबलत टिनाचा डबा बडवत विहिरीपासल्या पक्क्या खोलीत गेलो. वाघ आवाज आयकून बाजूले होते, इजेले तुमच्या डब्याचं काई घेणंदेणं नाई. रातच्याले एक असा आवाज झाला का भिताडं हालले. सकाळी पाह्यलं त मोहाची साल वरून बुडापर्यंत सोललेली अन् मचानाची बल्ली फाटलेली. चितळं धान खाऊन गेले होते ते वेगळंच.

जिप्सी नको बोलेरो पाहिजे

मी निसर्गानुभवाला उमरेड-कऱ्हांडल्यात बसले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बुद्धपौर्णिमेला दुपारी मचानावर सोडतात, सकाळी न्यायला येतात, मधे उतरायचं नाही असा नियम असतो आणि तो बरोबरच आहे. सोबत वनमजूर काका होते. संध्याकाळी चितळं आली, एक सांबर आलं, मी मस्त नोंदी करत होते आणि काका मात्र पाणवठा सोडून सारखे आभाळाकडेच पाहत होते. पहिला गडगडाट झाल्याबरोबर त्यांनी वॉकीटॉकी काढला. मला आधी वाटलं काय घाई आहे, पाऊस पण नाही अजून. काका म्हणाले, "ताई, पावसाची वाट पाहाची नसते, आवाज आयकू आला म्हणजे आपुन तिच्या टप्प्यात आलो." गाडी आली तोपर्यंत मी चमक आणि आवाजामधले सेकंद मोजत होते, बारा-तेरा भरत होते, म्हणजे चार किलोमीटर. आणि वर बंद टपाची बोलेरो होती म्हणून बरं, उघडी जिप्सी असती तर तिच्यात बसून काय फरक पडला असता? आमच्या मचानाच्या रकान्यात अर्धीच रात्र लिहिली गेली. जाऊ द्या, चितळं पुढच्या पौर्णिमेलाही असतात.

अर्थिंगवाले भाऊ, हिंगणा

वरच्या ताईंचा हिशोब बरोबर आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो म्हणजे तीन सेकंदाला एक किलोमीटर, तीस सेकंद आले तर वीज दहा किलोमीटरवर आहे आणि तेवढ्या अंतरावरून ती तुमच्यावर पडू शकते, डोक्यावर ढग असायलाच पाहिजे असं नाही. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जागेवरून हलायचं नाही, लोक इथेच घाई करतात, पाऊस थांबला की निघाले. गाडीचं म्हणाल तर टायर रबराचे आहेत म्हणून आपण वाचतो हे साफ चूक आहे, जी वीज आभाळातून दोन-चार किलोमीटर हवा फाडत येते तिला चार इंच रबर काय अडवणार. वाचवते ती गाडीची लोखंडी बॉडी, करंट बाहेरच्या बाहेरून जमिनीत जातो. काचा वर करा, दाराच्या लोखंडाला हात लावू नका. म्हणून जिप्सी, बाईक, ट्रॅक्टर, बंडी यातलं काहीच कामाचं नाही. मोबाईलनं वीज ओढली जाते हेही खोटं, खिशात असू द्या.

आता झाडाचं. झाडावर वीज पडली की ती सगळी खोडातूनच जाते असं नाही, बाजूला माणूस असेल तर खोड सोडून त्याच्यावर उडी मारते. आणि जमिनीत गेल्यावर चहूकडे पसरते, तेव्हा एका पायाखाली वेगळं व्होल्टेज आणि दुसऱ्या पायाखाली वेगळं. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून दूर असतात म्हणून झाडाखाली बांधलेली बैलजोडी जाते आणि शेजारी बसलेला माणूस कधीकधी वाचतो. हरणांचंही तेच. २०१६ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेत हार्डांगरविद्दाच्या पठारावर ३२३ रेनडिअर एका वादळात मेले, कळप पावसात एकमेकांना चिकटून उभा होता. म्हणून पाच-सहा जण असाल तर घोळका करू नका, पांगून बसा, एकाला लागली तर दुसरा मदतीला उरला पाहिजे.

मिसूरीचा मावसभाऊ

दादा, तू माझं नाव घेऊनच टाकलंस तर लिहितो. इकडे धनुष्यबाणाचा सीझन १५ सप्टेंबरला सुरू होतो आणि तेव्हा वादळं चांगलीच असतात, बंदुकीचा मोठा सीझन नोव्हेंबरात, तेव्हा थंडी असते म्हणून कमी. झाडाला लोखंडी शिडीचं स्टँड बांधतात, पंधरा-वीस फुटांवर, आणि माणूस पट्ट्यानं झाडाला बांधलेला असतो, पडू नये म्हणून. म्हणजे वादळात झटकन उतरता पण येत नाही. माझ्यासोबतचे एक म्हातारे काका, चाळीसेक वर्षं शिकार करणारे, सकाळी चढायच्या आधीच फोनवर रडार बघतात आणि लांबून जरी गडगडलं तरी धनुष्य दोरीनं खाली सोडून स्वतः उतरतात, तेही शिंगांचा मोठा नर समोर उभा असताना. पोरं हसतात त्यांना. एक पोरगा म्हणाला की धनुष्य लोखंडाचं नाही कार्बनचं आहे, वीज नाही पडणार. काका म्हणाले, तू वीस फुटांवर आहेस ना, मग तुझ्या हातात काय आहे ते ती विचारणार नाही. उतरल्यावर सरळ पिकअपमध्ये, टेकडीवर किंवा एकट्या झाडाखाली थांबत नाहीत.

देवलापारची मास्तरीण

तेंदूपत्त्याच्या दिवसांत आमच्या मोठीमायसोबत मी लहानपणी जात असे, आता गावातल्या बाया जातात त्यांच्याशी बोलून लिहिते. पानं पहाटे तोडतात आणि दुपारनंतर घरी पुडे बांधतात, त्यामुळे तोडताना सहसा ऊनच असतं. अडचण फळीवर, म्हणजे पुडे जमा करायच्या जागी असते, पुडे मोजून द्यायला सगळ्या चार-पाचच्या सुमारास उघड्यावर जमतात आणि मे महिन्यातलं वावधन नेमकं तेव्हाच सुटतं. मग सगळ्या एकाच आंब्याखाली. पुडे भिजले तर पैसे कापतील म्हणून ताडपत्री धरून उभ्या राहतात. त्यांना "झाडाखाली जाऊ नका" म्हणणं सोपं आहे, पण जाणार कुठे? मागच्या वर्षी सरपंचबाईंनी फळी शाळेच्या बाजूला आणवली, शाळेची चावी एका बाईकडे दिली. एवढंच केलं, बाकी काही नाही. टिनाच्या उघड्या मांडवापेक्षा चार भिंतींची शाळा बरी, फक्त भिंतीला टेकू नका आणि नळाला हात लावू नका.

काटोल रोड

एवढं घाबरवायची गरज नाही राव. आमचे आजोबा जन्मभर संत्र्याच्या बागेत झाडाखाली थांबले, नव्वदीपर्यंत जगले. ज्याची वेळ आली तो जातोच.

जिप्सी नको बोलेरो पाहिजे

दादा, २०२२ मध्ये देशात २,८८७ लोक विजेनं गेले, एनसीआरबीचा, म्हणजे सरकारच्या गुन्हे नोंद विभागाचा आकडा आहे. सगळ्यांची वेळ शेतात झाडाखालीच कशी येते मग?

रात्रपाळीची सिस्टर

मी सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टीला होते म्हणून एकच गोष्ट सांगते, सगळ्यांनी घरी पण सांगा. वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसत नाही, त्याच्या अंगात करंट उरत नाही. लोक भीतीपोटी दूर उभे राहतात आणि पेशंट तिथेच जातो. हृदय बंद पडतं पण लगेच छाती दाबायला सुरुवात केली तर परत सुरू होऊ शकतं. छातीच्या मधोमध, दोन्ही हातांनी, जोरात आणि भराभर, मिनिटाला शंभर-एकशेवीस वेळा, आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा. चार जणांना लागली असेल तर जो ओरडतोय, विव्हळतोय तो बहुतेक वाचेल, जो मेल्यासारखा पडलाय त्याच्याकडे आधी धावा. आणि कृपा करून शेणात, मातीत पुरून ठेवू नका. आमच्याकडे एकदा गळ्यापर्यंत शेणानं माखलेला पोरगा आणला होता, सोबत बाप आणि आजी, त्यांना काय बोलणार, त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी केलं. पण तो वेळ गेला तो गेलाच. जे शुद्धीवर आहेत त्यांनाही तपासायला आणा, कानाचे पडदे फाटलेले असतात, डोळ्यांचा त्रास नंतर निघतो.

धागाकर्ता

सिस्टर, तुमचा प्रतिसाद मी गावच्या ग्रुपवर टाकतोय. दामिनी अ‍ॅपबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. पुण्याच्या आयआयटीएम या सरकारी हवामान संशोधन संस्थेचं आहे, फुकट आहे, आपल्या जागेभोवती २० आणि ४० किलोमीटरमध्ये वीज पडतेय का ते दाखवतं. पण पेंचच्या खुर्सापार गेटच्या पुढे रेंजच नसते, तिथे दामिनी काय करणार. मी असं करतो की निघायच्या आधी दामिनी आणि हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा बघतो, आत गेल्यावर आभाळ आणि कान.

धुऱ्यावरचा, तालुका पारशिवनी

एक विचारतो. उघड्या वावरात सापडलोच, खोली बी नाई गाडी बी नाई, मंग? अन् आमच्या धुऱ्याले सोलरची झटका मशीन हाये चितळासाठी, तिच्या ताराचं काय?

अर्थिंगवाले भाऊ, हिंगणा

एकटं उंच झाड सोडा, तारेपासून दूर व्हा, बांधीत पाणी असेल तर बाहेर या, सखल जागी टाचा जोडून उकिडवे बसा, आडवे पडू नका. पण हे सगळं नाइलाजाचं आहे, यानं माणूस सुरक्षित होत नाही, फक्त धोका थोडा कमी होतो, म्हणून खोली असेल तिथे वेळेत पळणंच खरं. तारेचं विचारलंत ते बरं झालं. दूर कुठेतरी तारेवर वीज पडली तरी ती तारेनं तुमच्या हातापर्यंत येते, म्हणून आभाळ आलं की तारेला शिवायचं नाही. मशीन आधीच तारेपासून सोडवून ठेवा, नाहीतर जळते. आणि काही जण तारेत सरळ घरची लाईन सोडतात ते तर करूच नका, त्यात वाघही मेलेत आणि माणसंही, वर केस होते ती वेगळी.

धुऱ्यावरचा, तालुका पारशिवनी

बरं. लाईन नाई सोडत आमी, मशीनच हाये, उद्याच तिले खटका लावून घेतो. मोहावरचं मचान त काढलं, पण बांधीच्या कोन्यात चार भिताडांची अन् स्लॅबची लहानशी खोली बांधाची म्हणतो, वरतं मोठा टॉर्च बसवून. किती खर्च येते कोणाले अंदाज असन त सांगा, अन् कोणी बांधली असन त फोटो टाका.