नाल्यात जिवाणू ओतायचे की हवा सोडायची?

मिठीकाठ:
मुंबईत नाल्याला वास आला की जिवाणूंची पावडर टाकायचा प्रस्ताव येतोच. माझं ठाम मत आहे की वाहत्या नाल्यात हा पैसा वाया जातो.

१९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी बाटलीतल्या सांडपाण्यात हवा सोडली. पहिल्या खेपेला अमोनिया संपायला काही आठवडे लागले. मग त्यांनी वरचं निवळ पाणी काढलं, तळचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवं सांडपाणी ओतलं. असं करत करत वेळ २४ तासांच्या आत आला. बाहेरून विशेष जिवाणू आणलेच नव्हते. गाळ राखला, हे महत्त्वाचं, कारण वाढलेले जिवाणू त्यातच असतात. आजच्या सांडपाणी केंद्रांतही गाळ परत टाकीत फिरवतात तो त्यासाठीच.

नाल्यात गाळ राखणार कसा? सेकंदाला ३० सेंमी वेग धरला तरी पाणी दोन किलोमीटर दोन तासांच्या आत पार करतं. अमोनियावर जगणारे जिवाणू दुप्पट व्हायलाच साधारण दिवस घेतात, म्हणजे वाढायच्या आत ते खाडीत पोचलेले असतात. त्यातून १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि काळ्या नाल्यात तो नसतोच. वर पावडरचं द्रावण 'जागं' करायला गूळ घालतात. एक किलो साखर पूर्ण कुजताना एक किलोहून थोडा जास्त ऑक्सिजन खाते. तो भार कोण मोजतं?

द्रावक:
नाल्यापुरतं मान्य. पण 'बाहेरचे जिवाणू फुकट' हा सरसकट नियम होत नाही. ड्रायक्लीनिंगचा परक्लोरोइथिलीन हा क्लोरीनयुक्त द्रावक भूजलात उतरला की त्याचे क्लोरीन एकेक करून काढावे लागतात. ते काम शेवटपर्यंत नेणारा डीहॅलोकोकॉइड्स हा जिवाणू १९९७ मध्ये वेगळा करता आला. तो जागेवर नसेल तर कितीही खाद्य सोडा, क्लोरीन काढायची साखळी बऱ्याचदा व्हिनाइल क्लोराइड या मधल्या रसायनावर अडते आणि ते तर माणसात कर्करोग करणारं. तिथे बाहेरून आणलेलं त्या जिवाणूचं कल्चरच तारतं. मात्र या जिवाणूला ऑक्सिजन चालत नाही. म्हणजे 'हवा सोडा' हा तुमचा उपाय तिथे घातकच ठरेल.

आणि मुंबईचंच बोलायचं तर ७ ऑगस्ट २०१० रोजी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर होऊन तेल किनाऱ्याला लागलं, तेव्हा 'टेरी' या संशोधन संस्थेचं ऑइलझॅपर, म्हणजे तेलखाऊ जिवाणूंचं मिश्रण, वापरलं होतंच की.

मिठीकाठ:
वापरलं, पण 'नाही वापरलं तर काय झालं असतं' हे कळायला शेजारी तसाच न हाताळलेला पट्टा राखावा लागतो. अलास्कात १९८९ च्या एक्सॉन व्हाल्डीझ गळतीनंतर मुख्य भर खतावर होता, कारण तेलात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन, फॉस्फरस नगण्य. विकाऊ जिवाणूही किनाऱ्यावर तपासले, पण खतापेक्षा ठळक फायदा दिसला नाही. शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्तींचा तेलखाऊ स्यूडोमोनास पेटंटच्या खटल्याने गाजला, १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल लागला, पण तो जिवाणू गळतीवर कधी सोडलाच नाही.

तिवर:
तुम्ही दोघेही चिखल विसरताय. तिवरांच्या गाळात वरच्या काही मिलिमीटरखाली ऑक्सिजन संपतो. खेकड्यांच्या बिळांतून तेल त्याखाली गेलं की जिवाणू ओता नाहीतर खत, फार काही साधत नाही. खत भरतीबरोबर धुऊन जातं आणि खाडीत शेवाळाला मिळतं. अलास्काचा खडे-गोट्यांचा किनारा, ज्यातून पाणी आरपार जातं, तो शिवडीच्या चिखलाला लावू नका. तिवरांत पहिलं काम म्हणजे तेल आत शिरायच्या आत अडवणं, आणि नंतर मुळं तुडवत माणसं आत न घालणं.

द्रावक:
पटलं. मग नाल्याचं कंत्राट देण्याआधी चाचणी तरी नीट लावा. एकाच वेळी, एकाच नाल्याच्या पाण्याने चार पिंपं भरायची. एकाला काहीच नाही. दुसऱ्याला फक्त हवा. तिसऱ्याला हवा आणि द्रावण. चौथ्याला हवा आणि तेच द्रावण, पण निर्जंतुक केलेलं, कारण पाकिटात जिवाणूंबरोबर खाद्यही असतं आणि फरक त्याचाही असू शकतो. रोज विरघळलेला ऑक्सिजन, अमोनिया आणि २७ अंशांवरचा तीन दिवसांचा बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) घ्यायचा. बीओडीचा नमुना त्याच दिवशी लावायचा, तोवर बर्फात. तिसरं पिंप दुसऱ्या आणि चौथ्यापेक्षा सरस ठरलं तरच पाकिटाचे पैसे द्यायचे.

मिठीकाठ:
यात एकच भर. ही पिंपं म्हणजे साठलेलं पाणी. तिसरं जिंकलं तरी तो निकाल तलावापुरता धरा, वाहत्या नाल्याला लावू नका.