मदत हवी आहे: जुन्या सरकारी कचेरीची नोंद आणि देखभाल कशी ठेवायची?

रामराम मंडळी, धुळे जिल्ह्यातून लिहितोय. आमच्या तालुक्याला इंग्रजांच्या काळातली दगडी कचेरी आहे, मालकी सरकारचीच, पण ना केंद्राच्या पुरातत्त्वच्या यादीत ना राज्याच्या, त्यामुळे डागडुजी साध्या इमारतीसारखी होते, म्हणजे चुन्याच्या भिंतीवर सरळ सिमेंट. आता चुना ओल बाहेर सोडतो आणि सिमेंट ती आत कोंडून ठेवतं, मग दगडाचे पापुद्रे सुटतात, सागाच्या तुळयांची टोकं भिंतीतच कुजतात, बघवत नाही हो. पन्हाळीजवळ पिंपळ आलाय, तो वरून छाटतात पण मुळं तशीच, पुन्हा फुटतो.

आम्ही काही जण मिळून खोलीवार फोटो, भेगा, ओलीच्या जागा टिपायला लागलोय, नकाशा क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमधे टाकतोय कारण ते फुकट आहे. इमारतीच्या तपासणीचा मराठीत तयार फॉर्म कुणाकडे आहे का? आणि अंदाजपत्रकात चुन्याचं काम कसं दाखवायचं, कारण दरसूचीत (सरकारी कामाच्या ठरलेल्या दरांच्या यादीत) नाही तर बिल कसं काढू असं उत्तर मिळतं. जुने नकाशे मुंबईच्या पुराभिलेखात (सरकारी जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरात) बघायचे का आधी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात, कुणी शोधलेत का?

जळगाव-धुळे-नंदुरबारकडे चुन्याचं काम येणारा गवंडी माहीत असेल तर नक्की सांगा भो, पावसाळ्याच्या आत निदान पन्हाळीचं तरी करून घ्यायचंय.