बँकेत, दवाखान्यात आईला सोडून माझ्याशीच बोलतात, काय करायचं?

केळीचं_पान:
आई ७४ ची आहे. सगळी नोकरी पोस्टात काउंटरवर गेली, लोकांचे मनीऑर्डरचे फॉर्म भरून दे, लिहिता न येणाऱ्यांचे अंगठे घे, हे सगळं केलेली बाई. डोकं एकदम शाबूत, इन्कम टॅक्सचं रिटर्न अजून स्वतः भरते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो तर मशीनवर तिचा अंगठाच उठेना. तर समोरची मुलगी मला म्हणते, "आजींना जरा जोरात दाबायला सांगा ना." आजी तिच्या समोरच बसलीये अहो! मग "आजींचा मोबाईल कोणाकडे असतो?" हेही मलाच. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो, तिथेही यांना झोप लागते का, पोट साफ होतं का, सगळं माझ्याकडे बघून. आई तेव्हा काही बोलली नाही पण आता म्हणते मी एकटी जाईन नाहीतर जाणारच नाही. गुडघे बघता एकटीला पाठवणं शक्य नाही, आणि मी तिथल्या तिथे भांडले तर तिलाच ओशाळल्यासारखं होतं. घरातही थोडंफार तेच चाललंय म्हणा, भावाने फ्रॉड वाढलेत म्हणून तिचं एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवलंय, ओटीपी पण त्याच्याच नंबरवर. तुम्ही लोक अशा वेळी काय करता?

बाकड्यावरचा:
मी ७३, म्हणजे आईंच्याच बॅचचा, म्हणून बोलतो. भांडू नका. तुमची खुर्ची फूटभर मागे घ्या, आईंना पुढे बसू द्या आणि प्रश्न तुमच्याकडे आला की गप्प बसून आईंकडे बघा. समोरच्याला दोन सेकंद अवघडतं आणि मान आपोआप वळते. तुम्ही एकदा उत्तर दिलंत की पुढचे सगळे प्रश्न तुम्हालाच येणार. माझा मुलगा हे शिकला, सुनेला अजून जमत नाही, ती बिचारी मदत म्हणूनच बोलते.
दुसरं, लोक आमच्याशी ओरडून बोलतात ते बंद करायला सांगा कोणीतरी. वयाने कान गेले की आधी स, श, फ असले बारीक आवाज जातात, जाड आवाज ऐकू येतच असतात, त्यामुळे ओरडलं की नुसता गोंगाट वाढतो, शब्द काही कळत नाही. तोंड समोर ठेवून सावकाश बोला, बास. मास्क लावून आणि कॉम्प्युटरकडे बघत बोलणाऱ्या डॉक्टरांना तर दंडवत.
एटीएमचं मात्र पटलं नाही. पेन्शन आईंची, मग नंबर आईंचाच हवा.

काउंटर_नंबर_चार:
बँकेत आहे म्हणून शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. ती मुलगी चुकलीच, पण नोव्हेंबरात आमच्याकडे जी गर्दी असते ना त्यात सोबतचा माणूसच फाइल पुढे करतो, तोच बोलायला लागतो, मग आपणही त्याच्याशीच बोलतो, सवय लागते. अंगठा जोरात दाबून काही उपयोग नसतो. वयाने कातडी पातळ आणि कोरडी होते, रेघा पुसट होतात. बोटं पुसून किंचित ओलसर करून दुसरं बोट लावून बघायचं, अंगठाच पाहिजे असं काही नाही.
पण आईंची केंद्राची पेन्शन असेल तर बँकेत येताच कशाला? २०२१ पासून चेहऱ्यावरून घरबसल्या होतं. मोबाईलवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप्स घ्यायची, उजेडात बसून चष्मा काढायचा, डोळ्यांची उघडझाप करायची, झालं. ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो दाखला. आणि ७० च्या वरच्यांना घरी सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेने २०१७ लाच बँकांना सांगितलंय, शाखेत लेखी अर्ज द्या, तोंडी विचारलं की नाही म्हणतात.

मधली_सून:
वर सगळे गप्प बसा म्हणतायत ते प्रत्येक घरात चालत नाही हो. माझे सासरे डॉक्टरांसमोर गेले की "एकदम फर्स्ट क्लास" म्हणतात आणि रात्रभर पाय धरून बसलेले असतात, बाथरूममध्ये पडले तेही लपवलं. मी नाही बोलायचं तर कोण बोलणार? आता मी काय करते, आदल्या दिवशी त्यांच्यासमोर बसूनच चिठ्ठी लिहिते, कुठली गोळी कधीची, काय दुखतं, कधी पडले. त्यांना एखादी गोष्ट लिहायची नसेल तर वाद तिथेच घरात होतो. चिठ्ठी त्यांच्याच हातात देते, ते डॉक्टरांना देतात, आधी ते बोलतात मग राहिलेलं मी. दरवेळी जमतंच असं नाही, मागच्या वेळी चिठ्ठी खिशातच ठेवून आले!

कोर्टकचेरी:
भावाचं वाचून राहवलं नाही. कार्डावरून सुरुवात होते आणि घराच्या बक्षीसपत्रापर्यंत जाते, अशी प्रकरणं रोज बघतो. आईंनी कधी घर नावावर करून द्यायचं ठरवलं तर मुलगा सांभाळ करेल ही अट त्याच कागदात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम २३ त्या अटीवर उभं आहे, अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं, नाहीतर पुढे फार जड जातं. अर्ज प्रांतसाहेबांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात. निर्वाहभत्ता मात्र त्या कायद्यात महिन्याला जास्तीत जास्त १० हजारच. नुसती विचारपूस करायची असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फोन फुकट.

केळीचं_पान:
अहो कोर्टकचेरी, भाऊ तसा नाहीये हो 😅 पण ओटीपीचं त्याच्याशी बोलले. आधी चिडला, मग म्हणाला तिने कुठल्या लिंकवर क्लिक केलं तर जबाबदार कोण. आई आतून ओरडली, "मागच्या वर्षी वीज कापण्याच्या मेसेजवर क्लिक कोणी केलं होतं?" त्यावर त्याची बोलती बंद. शनिवारी नंबर बदलायला जाणार आहेत दोघं, मी मुद्दाम जात नाहीये.
काउंटर चार, ते ॲप घेतलंय. पुढच्या नोव्हेंबरसाठी आत्ताच तालीम चालू आहे. चष्मा काढायचा हे आईला सांगितलं तर म्हणते, मग स्क्रीनवर काय लिहून येतंय ते वाचणार कोण? त्याला काही उपाय आहे का?