मदत हवी आहे : फुल-डिजिटल अँप्लिफायर की अ‍ॅनालॉग इनपुटचा क्लास-डी?

मुक्काम इंदूर, खोली १२ बाय १४ फूट. स्पीकर जुने बुकशेल्फ, ४ ओहम, संवेदनशीलता ८६ डीबी. ते बदलायचे नाहीत. सध्याचा क्लास-एबी (पारंपरिक, जास्त उष्णता सोडणारा) अँप उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो. म्हणून नवा घ्यायचाय, बजेट १५ हजार. सोर्स फक्त टीव्हीचा ऑप्टिकल आणि लॅपटॉपचा यूएसबी. रेकॉर्ड प्लेअर नाही, सबवूफर नको.

मित्राकडून २४ व्होल्टचा छोटा क्लास-डी (झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या स्विचिंगवर चालणारा, कमी तापणारा) बोर्ड आणून लावून पाहिला. ताकद भरपूर, पण रात्री हळू आवाजात ख्याल ऐकताना तानपुऱ्यामागे ट्वीटरची (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरची) बारीक सुंsss येते. अडॅप्टर बदलला, इनपुटची वायर काढून शॉर्ट केली, तरी तेवढीच. म्हणजे ती अँपचीच, असं मी धरलंय.

फुल-डिजिटलमध्ये पीसीएम (आवाजाचे डिजिटल आकडे) थेट पीडब्ल्यूएम (स्विचिंगच्या कमी-जास्त रुंद स्पंदनांचा सिग्नल) होतो, वेगळा डॅक (डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारा) लागत नाही, हे पटतं. पण फीडबॅक (आउटपुट इनपुटशी ताडून चूक सुधारणं) नसेल तर सप्लायची खरखर आणि ४ ओहमवर बदलणारा ट्रेबल, दोन्ही सोसावं लागणार ना? दुसरा पर्याय टीपीए ३२५५ या अ‍ॅनालॉग इनपुटच्या क्लास-डी चिपचा, आउटपुट फिल्टरनंतर फीडबॅक घेणारा अँप आणि साधा डॅक.

वॉटचे आकडे नकोत, ते बहुतेकदा १० टक्के डिस्टॉर्शनवरचे असतात. ४ ओहमवर दोन्ही प्रकार ऐकलेल्यांनी एवढंच सांगा : ट्वीटरपासून हातभर अंतरावर सुंsss कशात कमी येते?