‘व्हिडिओ चालत नाही’ म्हणजे नेमके काय होत नाही?

प्रश्न : एका वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी मदतीचे पान मराठीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. ‘एम्बेड’ केलेला, म्हणजे आपल्या पानातच दिसेल असा ठेवलेला व्हिडिओ एका ब्राउझरमध्ये चालतो आणि दुसऱ्यात चालत नाही, अशा वेळी काय तपासावे, एवढाच विषय आहे. ‘अंतःस्थापित व्हिडिओ’ हा शब्दप्रयोग मला स्वतःलाच दोनदा वाचावा लागला. ‘जोडलेला’ म्हणावे, तर ईमेलला जोडलेली फाइल आठवते. शिवाय प्रत्येक बिघाडाला मी ‘चालत नाही’ असेच लिहीत सुटले आहे. जाणकारांनी कृपया सुचवावे.

प्रतिसाद : ‘जडवलेला’ हा शब्द मोहात पाडतो, कारण खडा आणि कोंदण त्यात आयतेच येतात, पण कोंदणातला खडा आपलाच असतो, तर आयफ्रेममधला, म्हणजे दुसरे पान आपल्या पानात दाखवणाऱ्या भागातला व्हिडिओ बहुतेक वेळा परक्या सर्व्हरवरच राहतो आणि आपल्या पानावर असते ती केवळ त्याची खिडकी. खिडकी भिंतीत ‘बसवतात’, म्हणून ‘पानात बसवलेला व्हिडिओ’ म्हणावे आणि आयफ्रेमला ‘चौकट’ म्हणावे. व्हिडिओच्या मालकाने तो इतरत्र बसवण्यास मनाई केली असेल, तर तो कोणत्याही ब्राउझरमध्ये लागणार नाही, हेही त्या पानावर आधीच सांगितलेले बरे.

प्रतिसाद : मला ‘बसवलेला’ मान्य आहे. खरी अडचण ‘चालत नाही’ची आहे, कारण त्या दोन शब्दांत निदान चार वेगळी दुखणी एकत्र कोंबली जातात आणि वाचणारा भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

व्हिडिओ ‘आपोआप सुरू होत नाही’, हा बहुधा बिघाड नसतोच. सफारीने २०१७ मध्ये आणि क्रोमने २०१८ मध्ये आवाजासह आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंना आळा घातला. आवाज बंद ठेवला, तर तोच व्हिडिओ सहसा सुरू होतो. येथे ‘मनाई’ हा शब्द योग्य ठरेल.

‘आवाज येतो, पण चित्र काळे राहते’, हे दुखणे निराळे. एमपीफोर हा फाइलचा प्रकार म्हणजे केवळ डबा आहे. आतला पदार्थ एच.२६४ पद्धतीने दाबून भरलेला आहे की एचईव्हीसी पद्धतीने, हे डब्यावरच्या नावावरून कळत नाही. २०१७ पासूनच्या आयफोनमध्ये चित्रण एचईव्हीसीत होऊ शकते. ते सफारीत दिसते, पण इतर ब्राउझरांत दिसेलच असे नाही, कारण ते संगणकाच्या हार्डवेअरवरही अवलंबून असते. अशा वेळी ‘चित्र उलगडत नाही’ असे लिहावे. ‘डीकोड’साठी ‘उलगडणे’ याहून चांगले क्रियापद मला सुचलेले नाही.

याउलट क्रोममध्ये सुरळीत चालणारा आणि सफारीत सुरूच न होणारा व्हिडिओ दिसला, की आधी सर्व्हरकडे पाहावे. सफारी अख्खी फाइल न मागता प्रथम तिचे पहिले दोनच बाइट मागते. सर्व्हरने २०६ हा संकेतांक देऊन तेवढाच तुकडा पाठवला, तर पुढचे सुरळीत होते; त्याने २०० म्हणत सगळी फाइल पुढे लोटली, तर सफारी व्हिडिओ लावत नाही. आमच्याकडे याच कारणासाठी तीन दिवस फाइल पुन्हा पुन्हा रूपांतरित होत राहिली, कारण तक्रारीत ‘चालत नाही’ एवढेच लिहिले होते. मधेच थांबत थांबत दिसणाऱ्या व्हिडिओला मात्र सरळ ‘अडखळतो’ म्हणावे; तेथे बहुतेकदा नेटचा वेग कमी पडतो.

प्रतिसाद : एक अवांतर, पण शब्दचर्चेला धरून. अमुक प्रकारचा व्हिडिओ तुला लावता येईल का, असे ब्राउझरला जावास्क्रिप्टमधून विचारता येते आणि त्यावर ‘हो’ असे उत्तर कधीच मिळत नाही. उत्तरे तीनच : ‘बहुधा’, ‘कदाचित’ आणि रिकामी ओळ, म्हणजे नकार. नुसते डब्याचे नाव सांगितले, तर सहसा ‘कदाचित’ मिळते. आत काय भरले आहे तेही सांगितले, तर ‘बहुधा’. या ‘कदाचित’च्या जागी ‘शक्यतो’ लिहिलेले मी पाहिले आहे, ते चूक आहे. ‘शक्यतो’ म्हणजे ‘होईल तितके’. ‘शक्यतो लवकर या’ असे आपण म्हणतो, पण ‘शक्यतो पाऊस पडेल’ हे मराठी नव्हे.

प्रश्नकर्तीचे उत्तर : सर्वांचे आभार. पहिले वाक्य आता असे केले आहे : ‘पानात बसवलेला व्हिडिओ सुरूच होत नाही, चित्र उलगडत नाही, आवाज येत नाही की तो मधेच अडखळतो, यांपैकी नेमके काय होते ते ब्राउझरच्या नावासह कळवावे.’ ‘बफरिंग’ हा शब्द मी तसाच ठेवणार आहे. तो आता सगळ्यांच्या तोंडी बसला आहे.